अँटिबायोटिक आणि मुलांचे दात: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

लहान मुलांच्या आईवडिलांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: ‘अँटिबायोटिकने मुलांचे दात कायमचे पिवळे-काळे होतात. ही औषधं दातांतलं कॅल्शियम शोषून घेतात. आठ वर्षांच्या आत देऊच नका. द्यावंच लागलं तर दुधाबरोबर द्या आणि ताप उतरला की लगेच बंद करा. डाग पडलेच तर लिंबू आणि सोड्याने घासा.’

मी लहान मुलांचे दात तपासते. हा मेसेज वाचून घाबरलेले पालक मला भेटतात आणि त्यांची काळजी मला अगदी रास्त वाटते. शिवाय मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे, म्हणून तर तो पटतो. पण त्या एका खऱ्या गोष्टीभोवती जे रचलं आहे त्याने मुलांचं नुकसान होतं, कधीकधी जिवावर बेतेल इतकं. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘अँटिबायोटिकने दात पिवळे-काळे होतात.’

कोणत्या अँटिबायोटिकने, हा पहिला प्रश्न. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, मॅक्रोलाइड, टेट्रासायक्लिन ही सगळी वेगवेगळी कुळं आहेत. दाताच्या आत मुरणारा, घासून न जाणारा रंग ठळकपणे आणि पुराव्यानिशी जोडला गेला आहे तो टेट्रासायक्लिनच्या कुळाशी. या कुळातलं पहिलं औषध, क्लोरटेट्रासायक्लिन, 1948 मध्ये जगासमोर आलं. पुढच्या काही वर्षांत ही औषधं लहान मुलांनाही सर्रास दिली जाऊ लागली. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात छातीचा संसर्ग वारंवार होतो, त्यामुळे अशा मुलांना ती महिनोन् महिने घ्यावी लागत. त्यांच्या दातांचा बदललेला रंग 1956 मध्ये डॉक्टरांनी नोंदवला. 1970 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर लहान मुलांबाबत इशारा छापायला लावला. मेसेजचं मूळ इथे आहे. एका कुळाबद्दलचा इशारा फिरता फिरता सगळ्या अँटिबायोटिक्सना चिकटला.

दुसरा प्रश्न, कधी. दात हिरडीतून बाहेर येतो त्याच्या कितीतरी आधी त्याचा वरचा भाग जबड्यात घडत असतो. दुधाच्या दातांत खनिज भरायला गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरुवात होते आणि बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत ते काम उरकतं. कायमच्या दातांपैकी पहिल्या दाढांची सुरुवात जन्माच्या वेळी होते. पुढच्या बहुतेक दातांची सुरुवात पहिल्या काही महिन्यांत होते आणि त्यांचा दिसणारा भाग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत तयार होतो. आठव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडल्या तर जवळपास सगळ्या दातांचा वरचा भाग घडून झालेला असतो. आठ वर्षांची मर्यादा आली ती यामुळे.

या काळात टेट्रासायक्लिन रक्तात असेल तर ते कॅल्शियमला घट्ट चिकटतं आणि घडत्या दातात, विशेषतः इनॅमलच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाच्या) खालच्या डेंटिन नावाच्या थरामध्ये, अडकून बसतं. औषध ज्या आठवड्यांत दिलं त्या आठवड्यांत घडलेला भागच रंगतो. म्हणून हे डाग ठिपक्यांसारखे नसतात. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे आडवे पट्टे असतात आणि एकाच सुमारास घडणाऱ्या दातांवर दोन्ही बाजूंना जुळत्या उंचीवर दिसतात. नुकता आलेला असा दात पिवळा असतो आणि अतिनील दिव्याखाली चमकतो. उजेड लागत राहिला की वर्षांमागून तो तपकिरी-करडा होत जातो. पुढच्या दातांवर जास्त उजेड पडतो, म्हणून ते आधी काळवंडतात.

म्हणजे एक विशिष्ट कूळ, विशिष्ट वय, आणि बहुतेक वेळा मोठा डोस किंवा लांबलेले कोर्स. तुमच्या मुलाच्या एकाच दातावर तपकिरी खड्डा असेल, तर तो या वर्णनात बसत नाही.

‘मग अमॉक्सिसिलिनचं काय?’

हे मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं, आणि मुलांना सर्वात जास्त दिलं जाणारं हेच औषध असल्यामुळे त्याचं उत्तर द्यायला हवं. अमॉक्सिसिलिन घेताना दातांवर पिवळट, तपकिरी किंवा करडा थर चढल्याच्या नोंदी आहेत, पण त्या क्वचितच्या आहेत. तो रंग दाताच्या वर बसलेला असतो. ब्रशने किंवा दवाखान्यात दात साफ करून तो कमी होतो किंवा पूर्ण जातो.

लहानपणी हे औषध बराच काळ घेतलेल्या मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरट छटा जास्त आढळल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ज्या मुलाला वारंवार औषध लागतं, ते वारंवार आजारी आणि तापलेलंही असतं. दाताच्या घडणीत बिघाड तापाने झाला की औषधाने, हे त्या अभ्यासांतून वेगळं काढता येत नाही. कानाच्या किंवा फुफ्फुसाच्या संसर्गावर डॉक्टरांनी दिलेलं औषध या शंकेपायी टाळणं मला मुळीच पटत नाही.

‘ही औषधं दातांतलं कॅल्शियम शोषून घेतात.’

हे पूर्ण उलटं आहे. टेट्रासायक्लिन दातातून काही ओढून नेत नाही, ते कॅल्शियमबरोबर दातात जाऊन बसतं. हाडातही तसंच बसतं. हाडाची वाढ मोजायची असेल तर तपासणीसाठी तुकडा काढण्याआधी ठरावीक अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन देतात आणि त्या चमकणाऱ्या दोन रेषांमधलं अंतर बघतात. फरक इतकाच, की हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने बनत राहतं. घडून झालेला दात तसा पुन्हा बनत नाही, म्हणून डाग राहून जातो. आणि डाग म्हणजे पोकळ दात नव्हे.

‘आठ वर्षांच्या आत देऊच नका.’

या वाक्याचा मला सर्वात जास्त राग येतो.

डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिनच्याच कुळातलं, 1967 पासून वापरात असलेलं औषध. ते कॅल्शियमला जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा बरंच कमी चिकटतं. पण कूळ एक म्हणून इशारा त्यालाही लागला आणि अनेक वर्षं डॉक्टरही ते लहान मुलांना द्यायला कचरत राहिले. आता दुसरी बाजू बघा. गोचिडीच्या चाव्यातून होणारा रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर आणि बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस या रिकेट्सिया गटातल्या जिवाणूंमुळे येणाऱ्या तापांवर डॉक्सिसायक्लिन हे पहिल्या पसंतीचं औषध आहे. स्पॉटेड फीवरमध्ये पहिल्या पाच दिवसांत ते सुरू झालं नाही तर मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना हा धोका मोठ्यांच्या कितीतरी पट असतो. ज्यांना औषध सर्वात आधी मिळायला हवं, तीच मुलं दातांच्या रंगापायी मागे राहिली.

भीती खरी आहे का, हे अमेरिकेत तपासून पाहिलं गेलं. आठ वर्षांच्या आत डॉक्सिसायक्लिन घेतलेली 58 मुलं आणि ते न घेतलेली 213 मुलं यांचे कायमचे दात दंतवैद्यांनी तपासले, कोणी औषध घेतलं आहे हे त्यांना न सांगता. टेट्रासायक्लिनसारखे डाग एकाही मुलात सापडले नाहीत. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 2018 पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे, की 21 दिवसांपर्यंतचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स कोणत्याही वयात देता येतो. जुन्या टेट्रासायक्लिनसाठी आठ वर्षांची मर्यादा अजून पाळली जाते, आणि ती पाळायलाच हवी.

तेव्हा डॉक्टरांनी तापाचं निदान करून तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं असेल, तर कृपा करून ते द्या. शंका असेल तर त्यांनाच विचारा, पण डोस चुकवून वाट पाहू नका.

‘दुधाबरोबर द्या, ताप उतरला की बंद करा.’

दुधातल्या कॅल्शियमला टेट्रासायक्लिन पोटातच चिकटतं आणि त्याचं रक्तात शोषण निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटतं. दात वाचवण्याच्या नादात औषधच वाया जातं. कोर्स किती दिवसांचा हे आजारावरून ठरतं आणि ते डॉक्टर ठरवतात.

‘लिंबू आणि सोड्याने घासा.’

आतला रंग वरून घासून निघणार नाही. लिंबातलं आम्ल मात्र इनॅमल झिजवतं, आणि इनॅमल पातळ झालं की खालचं पिवळसर डेंटिन आणखी दिसू लागतं. कोळशाची पूडही अशीच निरुपयोगी. खरोखर टेट्रासायक्लिनचे डाग असतील तर मोठेपणी दंतवैद्याच्या देखरेखीखाली सौम्य ब्लीचिंग करता येतं. त्याला महिनोन् महिने लागतात आणि हिरडीजवळचा पट्टा सर्वात हट्टी असतो. गडद डागांसाठी व्हेनिअर (दातावर चिकटवायचं पातळ कवच) किंवा कॅपचा पर्याय आहे.

मेसेज ज्यांना सावध करत नाही, अशी दोन माणसं आहेत. एक गरोदर बाई: चौथ्या महिन्यानंतर घेतलेलं टेट्रासायक्लिन बाळाच्या दुधाच्या दातांत उतरू शकतं, म्हणून कोणतंही औषध घेण्याआधी गरोदर असल्याचं सांगा. दुसरं, मुरुमांसाठी मिनोसायक्लिन महिनोन् महिने घेणारी तरुण मुलंमुली. याच कुळातलं हे औषध पूर्ण वाढलेल्या दातांनाही निळसर-करडी छटा आणू शकतं. ती दिसली तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि मुलाचे दात काळे-तपकिरी दिसत असतील तर आधी शंका घ्यावी ती किडीची. लोहाच्या थेंबांनी वर काळा थर बसतो, मार लागलेला एखादा दात करडा पडतो, पाण्यात फ्लोराइड फार असेल तर डाग पडतात, पण सर्वात जास्त आढळते ती कीड. ‘लहानपणी औषधं फार झाली’ असं म्हणत पालक थांबून राहतात आणि तोवर ती दाताच्या नसेपर्यंत पोचते. औषधाचा दातांशी एक साधा संबंध मात्र आहे: मुलांच्या पुष्कळ पातळ औषधांत साखर असते, आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने ती दातांवर रात्रभर राहते. रात्रीचा डोस ब्रश करण्याआधी द्या. मूल झोपेतून उठवून औषध द्यावं लागलं, तर निदान दोन घोट पाणी पाजा किंवा ओल्या फडक्याने दात पुसून घ्या.