फ्लॉट्सम म्हणजे कचरा नव्हे (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

फ्लॉट्सम आणि जेट्सम या दोन इंग्लिश शब्दांतल्या फरकावरच्या माझ्या लेखाला तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही जरा लांबच देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की फ्लॉट्सम आणि जेट्सम डिक्शनरीत जोडीनेच येतात, दोन्हींचा अर्थ समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला कचरा, आणि मी उगाच शब्दांचा कीस पाडतोय. जोडीचं बरोबर आहे, रोजच्या बोलण्यात इंग्लिश माणूस ती जोडी सटरफटर वस्तू अशाच अर्थाने वापरतो, तिथे फरक करत बसायची काही गरज नाही. पण ‘कचरा’ मला अजिबात पटत नाही. कचरा म्हणजे जे मालकाला नकोय ते, आणि हे दोन्ही शब्द तर ज्या मालाला मालक आहे त्याच्यासाठी तयार झालेत.

बघा, जहाज फुटलं किंवा लाटेने डेकवरचा माल ओढून नेला आणि तो तरंगत राहिला, तर फ्लॉट्सम. तो कुणी टाकलेला नाही, आपसूक गेलाय. याउलट जहाज वादळात सापडलंय, वजन कमी केलं तरच वाचेल म्हणून खलाशांनी माल मुद्दाम पाण्यात लोटला तर ते जेट्सम, हे जेटिसन (जहाजावरून माल फेकणे) या शब्दाचंच झिजलेलं रूप. आता जीव वाचवायला माल फेकला म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडला असं होतं का? नाही ना. यातलाच तिसरा शब्द लॅगन, म्हणजे बुडणाऱ्या जड मालाला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) बांधून ठेवायचा, नंतर येऊन काढता यावा म्हणून. परत न्यायची इच्छा त्या शब्दातच आहे! (चौथा डेरेलिक्ट, परत यायची आशा सोडून दिलेलं जहाज, पण तो मूळ लेखात नव्हता.)

तुम्ही म्हणता हे सगळं जुनं झालं. ब्रिटनच्या १९९५ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमध्ये ‘रेक’ची (समुद्रात सापडलेलं जहाज किंवा त्याचा माल) व्याख्या करताना हे चारही शब्द नावानिशी आहेत. तिथे किनाऱ्यावर असा माल सापडला तर २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला कळवावं लागतं आणि मालकाला दावा करायला एक वर्ष मिळतं. त्यामुळे ‘जेट्सम सापडलं की सापडेल त्याचं’ हे तुम्ही लिहिलंय ते निदान तिथे तरी चालत नाही. २००७ मध्ये एमएससी नापोली जहाजाचे कंटेनर डेव्हनमध्ये ब्रॅन्सकमच्या किनाऱ्याला लागले तेव्हा लोकांनी अगदी बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकली ढकलत नेल्या, आणि त्यांनाही हाच नियम लागू होता.

उदाहरण मागितलंत म्हणून माझं आवडतं देतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ टोकियो एक्सप्रेस जहाजाला प्रचंड लाट लागली, ६२ कंटेनर समुद्रात गेले, त्यातल्या एकात लेगोचे जवळपास ४८ लाख तुकडे, आणि योगायोग असा की त्यात ऑक्टोपस, पोहायचे फ्लिपर अशा समुद्राशी संबंधित गोष्टी भरपूर होत्या. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर ते कितीतरी वर्षं सापडत राहिले. हे फ्लॉट्सम, कारण कुणी फेकलं नव्हतं. तोच कंटेनर कॅप्टनने जहाज वाचवायला ढकलून दिला असता तर तोच ऑक्टोपस जेट्सम ठरला असता. म्हणजे हातातली वस्तू बघून हे कळत नाही, ती पाण्यात कशी गेली ते माहीत असावं लागतं, आणि मला या शब्दांचं एवढं प्रेम आहे ते यामुळेच.

राहिला तुमचा प्रश्न, फेकलेली बाटली जेट्सम होते का. जहाजावरून कुणी रिकामी प्लास्टिकची बाटली भिरकावली तर सैल वापरात तिलाही जेट्सम म्हणतात, पण जहाजावर संकट नाही, बाटली कुणाला परत नकोय, तेव्हा काटेकोर अर्थाने ती जेट्सम नाही. तिला खुशाल कचरा म्हणा. आणि नदीच्या पुरातून वाहत आलेला झाडाचा ओंडका फ्लॉट्समही नाही न् जेट्समही नाही, तो कुठल्या जहाजावर नव्हताच, त्याच्यासाठी ड्रिफ्टवूड हा वेगळा शब्द आहे. अजून एक, हे शब्द एकवचनीच वापरायचे, तुम्ही लिहिलंय तसं ‘फ्लॉट्सम्स’ होत नाही.