शाळेत शेअर बाजाराचा खेळ हवा, पण शनिवारी आणि जुन्या भावांवर

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. आमची मुलं वर्गात शेअर बाजाराचा खेळ खेळतात, हे कळल्यापासून दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणी विचारतायत की आम्हीही सुरू करू का. उत्तर मोठं आहे, म्हणून इथेच लिहिते.

सुरू करा. पण आम्ही पहिल्यांदा केलं तसं करू नका.

2023 च्या पावसाळ्यात आम्ही एका ऑनलाइन स्पर्धेत मुलांची नावं घातली. प्रत्येकाला 10 लाखांचे खोटे पैसे, बाजारातले चालू भाव, सहा आठवडे, आणि स्क्रीनवर सतत वरखाली होणारी क्रमवारी. मधल्या सुट्टीत कॉम्प्युटर रूमबाहेर रांग लागायची. मला वाटलं, जमलं. पहिला आला त्या मुलाने सगळे पैसे एकाच स्वस्त शेअरमध्ये घातले होते, कारण चुलतभावाच्या टेलिग्राम ग्रुपवर तसं आलं होतं. परिपाठाला त्याचा सत्कार झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

दिवाळीनंतर त्याचे वडील शाळेत आले. पोराचं डोकं चालतंय म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने डिमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) उघडलं आणि फोन त्याच्या हातात दिला. उसाच्या बिलातले चाळीस हजार ऑप्शन्समध्ये, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावर लावायच्या सौद्यांत, गेले. ते भांडायला आले नव्हते. "बाई, शाळेत तर पहिला नंबर आला होता की," एवढंच म्हणाले.

मी त्यांना काहीही उत्तर देऊ शकले नाही, कारण नंबर आम्हीच दिला होता.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की चूक त्या मुलाची नव्हती, स्पर्धेच्या रचनेतच होती. चाळीस मुलांनी आपापले सगळे पैसे एकेका शेअरवर लावले, तर सहा आठवड्यांत त्यातला कुणीतरी उसळणारच, आणि तोच पहिला येणार. ज्या मुलीने पैसे सहा-सात ठिकाणी वाटले, ती कायम मधेच कुठेतरी राहणार. म्हणजे कमी मुदतीची, फक्त रकमेवर नंबर लावणारी स्पर्धा सट्टा खेळणाऱ्यालाच निवडते, आणि आपण त्याला हुशार म्हणतो.

हा सट्टा पुढे कुठे जातो तेही उघड आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सच्या अशा सौद्यांत उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 2023-24 मध्ये या ट्रेडर्सपैकी 43 टक्के तिशीच्या आतले होते. ही आपल्याच शाळांतून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेली मुलं आहेत.

म्हणून शाळेने हात झटकावेत, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. दहावीच्या गणित भाग 1 मध्ये 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक), सगळं त्यात आहे. मुलं गणितं बरोबर सोडवतात, पण भाव का हलतो हे त्यांना कुणी दाखवत नाही. ते फोन दाखवतो.

आता आमचा खेळ. शेअर हा शब्द आमच्या मुलांना नवीन नसतो. "आमच्या आज्याचा कारखान्यात शेअर हाय, त्यावर साखर मिळते," हे पहिल्याच तासाला कुणीतरी सांगतं. मी तिथूनच सुरू करते. सहकारी कारखान्यात आजोबांचा एक शेअर असो की दहा, मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. कारखान्याचा शेअर रोज वरखाली होत नाही, कंपनीचा होतो. का? या एका प्रश्नावर दोन तास जातात, आणि जाऊ द्यावेत.

खेळ फक्त शनिवारी, सकाळच्या शाळेत. ॲप नाही, एक्सेलची शीट. प्रत्येकाला 1 लाख रुपये. कंपन्यांची नावं झाकलेली: क, ख, ग. कंपनी काय करते, नफा किती, कर्ज किती, एवढंच सांगायचं. भाव जुने, एका शनिवारी पंधरा दिवस पुढे. एफडी आणि सोन्याचे पर्यायही ठेवले आहेत. दर व्यवहाराला दलाली आणि 0.1 टक्का एसटीटी (शेअर खरेदी-विक्रीवरचा सरकारी कर) कापायचा, नाहीतर सारखी खरेदी-विक्री करणं फुकट आहे असं मुलांना वाटतं. आणि वहीत एक ओळ लिहायची: का घेतला, का विकला. मार्क त्या ओळीला, रकमेला नाही. (कंपनी जादा शेअर फुकट देते तो बोनस, एका शेअरचे अनेक शेअर करते तो स्प्लिट; दोन्हींत शेअर वाढतात आणि एकाचा भाव उतरतो. त्याप्रमाणे जुने भाव आधी दुरुस्त करून घ्या. आम्ही एकदा विसरलो आणि एका मुलीला वाटलं निम्मे पैसे बुडाले.)

जुन्या भावांचं कारण नियमही आहे. मे 2024 मध्ये सेबीने आभासी ट्रेडिंगच्या खेळांना चालू भाव द्यायला मनाई केली, आणि नोव्हेंबरात अशा प्लॅटफॉर्मपासून सावध राहायला सांगितलं. काही शिक्षकांना हा अडथळा वाटतो. मला तो मुलांच्या भल्याचा वाटतो. जुन्या भावाला मधल्या सुट्टीत बघायचं काही कारण नसतं.

गेल्या वर्षी आम्ही 2020 साल खेळलो. 23 मार्चचा आठवडा आला त्या शनिवारी वर्गात आवाज नव्हता. एका दिवसात सेन्सेक्स 3,934 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांनी खाली. अकरा मुलांनी सगळं विकलं. नोव्हेंबरापर्यंत सेन्सेक्स जुन्या उंचीच्या वर गेला, पण विकलेल्यांपैकी दोघंच परत शिरले होते. मग मी 'छ' कंपनीचं झाकलेलं नाव उघडलं: ती येस बँक होती. 5 मार्च 2020 ला तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि बाजार वर गेला तरी ती 2018 च्या भावाच्या जवळपासही आली नाही. पडलेलं सगळंच उठतं असा समज घेऊन मुलं बाहेर पडू नयेत, म्हणून ती यादीत होतीच.

एका मुलीने जानेवारीच्या ओळीत लिहिलं होतं, "निम्मे एफडीत, कारण हे पैसे मला पुढच्या जूनला लागणार." तिने काहीच विकलं नाही. विकायची गरजच पडली नाही.

आणखी एक झालं. "दरमहा दहा टक्के देतो" म्हणणारे लोक आमच्या भागात सारखे येतात. मुलांनी चक्रवाढ लावून पाहिली. लाखाचे वर्षात तीन लाखांच्या वर, पाच वर्षांत तीन कोटींच्या वर. एकाने घरी जाऊन वडिलांना ती शीट दाखवली. त्यांनी पैसे भरले नाहीत.

येत्या जूनपासून 2008 खेळणार आहोत, एका शनिवारी एक महिना. जानेवारीत 21 हजारांवरचा सेन्सेक्स ऑक्टोबरात 8 हजारांखाली गेला, आणि 21 हजारांवर परतायला नोव्हेंबर 2010 उजाडला. पस्तीस शनिवार होतात, वर्षात जेमतेम बसतात. इतके शनिवार मुलं कंटाळतील, असं आमचे एक सहकारी म्हणाले. कंटाळू देत, मी तो कंटाळा कापणार नाही.

शीट हवी असेल तर मेसेज करा, पाठवते. फक्त त्यात क्रमवारीचा रकाना घालू नका.