टायपिंगच्या ‘सलग चार तास’ मेसेजबद्दल खुलासा

टायपिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘रोज सलग चार तास एकच उतारा मारा, आठवड्यात दोन्ही हात बसतात.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, सल्ला मात्र चुकीचा.

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी रोजचा सराव किती आणि कसा वाटून द्यावा हे तपासलं. निष्कर्ष १९७८ साली छापले. रोज एकच तास बसणाऱ्यांना, दोन-दोन तासांच्या दोन बैठका मारणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. दिवस अर्थातच जास्त गेले, आणि गंमत म्हणजे सगळ्यात नाराजही तेच होते! परीक्षा तोंडावर असेल तर वेळ जास्त द्यावाच लागेल, पण तो सकाळ-संध्याकाळ तोडून द्या.

आता एकच उतारा घोटण्याचं. इन्स्क्रिप्टवर (मराठी टायपिंगच्या एका कीबोर्ड मांडणीवर) ‘पाटी’ लिहिताना उजवा, डावा, उजवा, डावा असे हात पडतात. तोच उतारा पुन्हापुन्हा मारला की ही लय आयती मिळते आणि स्पीड वाढल्यासारखा वाटतो. नवा उतारा समोर आला की बोटं अडखळतात. शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या १९७९ च्या प्रयोगात (तो टायपिंगचा नव्हता, हाताच्या हालचालींचा होता) एकेक प्रकार सलग घोटणारे सरावात पुढे होते. नंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेले सरस ठरले. अगदी नवख्यांनी कळा सापडेपर्यंत एकच ओळ गिरवायला हरकत नाही. मग उतारे बदलत राहा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आलाच तर त्याखाली हा खुलासा टाका.