सामाईक सुविधा आणि प्राण्यांचे वर्तन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांतील मेंदूविज्ञानाच्या सामाईक प्रयोगसुविधांचा पुरस्कार करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपण महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवता, त्यामुळे आपले आक्षेप दोन ओळींत निकालात काढण्यासारखे नाहीत. आपले म्हणणे थोडक्यात असे, की सूक्ष्मदर्शक वाटून वापरता येतो, पण प्राण्यांच्या वर्तनाचे प्रयोग नाहीत. वास, आवाज आणि माणसांची ये-जा यांनी उंदीर बिथरतो, म्हणून हे प्रयोग ज्याने त्याने आपापल्या प्रयोगशाळेतच करावेत. शिवाय 'सामाईक' म्हणवणाऱ्या सुविधांचा लाभ अखेर यजमान संस्थेतील लोकांनाच मिळतो, असेही आपण लिहिले आहे.

उंदीर बिथरतो हे निरीक्षण अगदी खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. पुरावा म्हणून आपण जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टेन आणि ब्रूस डूडेक यांचा १९९९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग दिला आहे. त्यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी येथील तीन प्रयोगशाळांत त्याच वंशांच्या उंदरांवर त्याच चाचण्या घेतल्या. उपकरणे आणि कार्यपद्धती शक्य तितकी एकसारखी ठेवली. दारूच्या आवडीसारखे वंशावंशांतील ठळक फरक तिन्ही ठिकाणी टिकले, पण भीती मोजण्यासाठी जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या चक्रव्यूहासारख्या चाचण्यांत उत्तरे जागेगणिक बदलली. आता हे पाहा, की त्या तिन्ही प्रयोगशाळा स्वतंत्र होत्या. म्हणजे स्वतःची खोली असली की वर्तनातील गोंधळ नाहीसा होतो, असे हा प्रयोग सांगत नाही. प्रत्येक खोली आपला ठसा उत्तरावर उमटवते आणि शेजारच्या खोलीशी तुलना झाल्याशिवाय तो दिसत नाही, एवढेच त्यातून निघते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१४ मध्ये याहून सूक्ष्म गोष्ट दाखवली. पुरुष प्रयोगकर्ता जवळ असला, किंवा पुरुषाने अंगात घातलेला टी-शर्ट जरी जवळ ठेवला, तरी उंदरांचा वेदनेला मिळणारा प्रतिसाद कमी होतो, कारण त्या वासाचाच त्यांना ताण येतो. एखाद्या लहान प्रयोगशाळेत या वर्षी एक विद्यार्थी उंदीर हाताळतो, पुढच्या वर्षी दुसरी विद्यार्थिनी, आणि कोणी कोणता उंदीर हाताळला याची नोंद बहुधा कुठेच नसते.

नीट चालवलेल्या सामाईक वर्तनकक्षात ही शिस्त नाइलाजाने पाळावीच लागते, कारण तुमच्या आधी तिथे दुसऱ्याचा प्रयोग झालेला असतो. प्रत्येक प्राण्यानंतर चक्रव्यूह अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा, म्हणजे आधीच्या उंदराचा माग पुढच्याला लागत नाही. रॅट (उंदरासारखाच, पण बराच मोठा प्राणी) आणि उंदीर यांच्या खोल्या वेगळ्या ठेवायच्या, कारण रॅट उंदराची शिकार करतो आणि त्याच्या नुसत्या वासानेही उंदीर घाबरतो. निशाचर प्राण्याची चाचणी त्याच्या जागेपणी घेता यावी म्हणून दिव्यांचे वेळापत्रक उलटे लावायचे आणि काम मंद लाल उजेडात करायचे. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेचा आवाज एखादे यंत्र करत नाही ना, हेही तपासायचे, कारण उंदराला तो ऐकू येतो. आपण ज्या वासाची आणि आवाजाची धास्ती घेतली आहे, त्यांचा बंदोबस्त असा करता येतो. एकेकट्या प्राध्यापकाला हे सारे सांभाळणे किती जड जाते, हे आपण जाणताच.

दुसरे असे, की सूक्ष्मदर्शक सामाईक असावा हे आपल्याला मान्य आहे. मग वर्तनकक्ष त्याच्यापासून तोडता येत नाही. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठात विनफ्रिड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी दाखवला. त्यात अवरक्त लेसरचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, एकाच क्षणी शोषले गेले तरच पेशीतील चमकणारा रेणू उजळतो आणि हे केवळ केंद्रबिंदूपाशी घडते. त्यामुळे जिवंत मेंदूत शेकडो मायक्रोमीटर खोलवरच्या पेशी स्पष्ट दिसतात. उंदराच्या कवटीत काचेची लहानशी खिडकी बसवली की त्याच पेशी आठवडेच्या आठवडे पाहता येतात. आज उंदीर काही शिकला, उद्या त्याच पेशी कशा उजळल्या, हाच तर प्रश्न असतो. त्यासाठी पिंजरा उचलून दुसऱ्या इमारतीत नेला, तर लिफ्टच्या धक्क्यांचा आणि अनोळखी वासांचा ताणही मोजमापात शिरतो. कोटींच्या घरातले यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेला मिळणार नाही, तेव्हा वर्तनकक्षच त्याच्या शेजारी आणावा लागतो.

यजमानांच्या वर्चस्वाबद्दलची आपली तक्रार मात्र मी पूर्णपणे उचलून धरतो. रासायनिक नमुना कुपीत भरून पाठवता येतो आणि आयआयटी मुंबईतील सैफसारख्या सामाईक उपकरण केंद्रात शुल्क भरून तो तपासून घेता येतो. उंदराचे तसे नसते. तिथे संशोधकालाच जाऊन राहावे लागते, आणि बाहेरचा माणूस मागे पडतो तो इथेच. यावरचा उपाय आपल्याकडेच आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना कोणालाही वापरता येतात, पण प्रस्ताव तपासणाऱ्या समितीने गुणवत्तेवर वेळ दिला तरच. मेंदूविज्ञानाच्या सुविधांनीही बाहेरच्यांसाठी असाच वेळ राखून ठेवावा आणि तो कोणाला मिळाला हे जाहीर करावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. त्याहून निकडीचा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. लेसरची जुळणी बिघडली की ती ओळखणारा तंत्रज्ञ आणि रोज त्याच हातांनी पिंजरे बदलणारा कर्मचारी कंत्राटावर असेल आणि दरवर्षी बदलत असेल, तर वर दिलेली सारी शिस्त कागदावरच राहते. यंत्रासाठी अनुदान मिळते, या पदांसाठी मिळत नाही, याची मला मनापासून चीड येते.

रॅटच्या स्मृतीवरचा आपला प्रयोग अशा ठिकाणी कसा करावा, हेही आपण विचारले आहे. महाविद्यालयातील प्राणी तिकडे नेण्याचा बेत करू नका. बाहेरून आलेल्या प्राण्यांबरोबर संसर्ग शिरला तर तिथल्या प्राण्यांच्या साऱ्या वसाहती धोक्यात येतात, म्हणून बाहेरच्या प्राण्यांना आधी वेगळे ठेवावे लागते. प्राणी सुरुवातीपासून तिथेच वाढतील असे ठरवा आणि त्या संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी घ्या. पहिल्या भेटीतच नोंदवह्या पाहायला मागा: दिवे कधी लागतात आणि विझतात, पिंजरे कोणत्या वारी बदलतात, प्राण्यांना कोण हात लावते. पिंजरे बदलण्याच्या दिवशी चाचणी ठेवू नका. आणि या नोंदी दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर दुसरी सुविधा शोधा.