नकाराचा अर्ज आणि दारावरच्या नर्सबाई

10 नोव्हेंबर 2025 रोजी कॅनडाने गोवरमुक्त देश हा 1998 पासून टिकवलेला दर्जा गमावला, आणि त्यावरून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात जुनाच वाद पुन्हा पेटला. पुण्याच्या माझ्या आतेभावाचे म्हणणे असे की, तिकडचे सुशिक्षित पालक मुलांना लस द्यायची की नाही हे स्वतः ठरवतात आणि सरकारही त्यांच्या निर्णयाचा मान राखते. मग आपल्याकडेच शाळेत रांगा लावून टोचण्याची घाई कशासाठी? जोडीला त्याने सर्वोच्च न्यायालयाचा मे 2022 चा निकाल ठेवला. तो निकाल कोविडच्या लसीपुरता होता, पण कोणालाही इच्छेविरुद्ध लस देता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे. 2018 मध्ये गोवर-रुबेला मोहीम शाळाशाळांतून राबवली गेली तेव्हा पालकांची संमती घ्यावी की नाही, यावर जे रण माजले होते, त्यात संमतीचा आग्रह धरणाऱ्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

मात्र आतेभावाच्या मनातले कॅनडा आणि मी राहतो तो कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांत बरेच अंतर आहे. इथे शाळेत जाणाऱ्या मुलाच्या ठरावीक लसींची नोंद सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असावी लागते, ती नोंद डॉक्टरांनी नव्हे तर आईवडिलांनी पोहोचवायची असते, आणि ती न पोहोचल्यास मुलाला 20 शालेय दिवसांपर्यंत घरी बसवता येते. (भारतातून आणलेले, पावसात भिजून शाई फुटलेले लसीकरण कार्ड घेऊन धावणारे मराठी पालक मी दरवर्षी पाहतो.) श्रद्धेच्या किंवा सदसद्विवेकाच्या कारणाने लस नाकारता येते, पण त्यासाठी आधी माहितीच्या सत्राला बसावे लागते आणि मग शपथपत्र करून द्यावे लागते, शिवाय साथ आली तर अशा मुलाला शाळेबाहेर ठेवता येते. तेव्हा नकाराची मुभा आहे हे खरे, पण ती फुकट मिळत नाही.

आणि एवढे असूनही या प्रांतात वर्षभरात गोवराचे दोन हजारांहून अधिक रुग्ण झाले. जून 2025 मध्ये नैर्ऋत्य ओंटारिओत, आईच्या पोटातच गोवराची लागण झालेले, दिवस भरण्याआधी जन्मलेले एक बाळ दगावले. आईने लस घेतलेली नव्हती.

हा कायदा असूनही असे का झाले, याचे उत्तर मला माझ्या लहानपणात सापडते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सातारा जिल्ह्यातील एका गावात जन्मलेल्या आम्हा मुलांना त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस) आणि पोलिओचे डोस मिळाले, पण गोवराची लस सरकारी कार्यक्रमात यायला 1985 उजाडले, आणि तोवर आम्हा भावंडांना गोवर येऊन गेला होता. घरात फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, उजेड सोसत नाही म्हणून खिडक्यांवर चादरी आल्या. आम्ही तिघे उठलो. शेजारच्या घरातली दोन वर्षांची मुलगी उठली नाही. अंगावरचे पुरळ मावळत असतानाच तिला धाप लागली. ‘गोवर आत जिरला’ असे आजी म्हणाली. तो न्यूमोनिया होता आणि गोवरात मुले बहुतेक त्यानेच जातात, हे मला फार पुढे कळले. वर्गातला एक मित्र पोलिओमुळे पायाला लोखंडी पट्ट्या लावून येत असे. घटसर्पाने गेलेल्या पहिल्या मुलाचे नाव आजी कधीच उच्चारत नसे, आणि गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते. त्यामुळे दंडाला टोचायला नर्सबाई आल्या की आम्ही भोकाड पसरत असू, पण मोठ्यांपैकी कोणी हे कशासाठी, असे विचारत नसे.

इथल्या माझ्या समवयस्क शेजाऱ्यांनी यातले काहीच पाहिलेले नाही, आणि पुण्याच्या माझ्या भाच्यांनीही नाही. वाद दोन्हीकडे सारखा होत चालला आहे तो यामुळे, असे मला वाटते. ‘तिकडचे सुशिक्षित’ आणि ‘इकडचे अडाणी’ ही विभागणी त्यात टिकत नाही. ज्याने रोग पाहिला नाही त्याला लसीनंतरचा दोन दिवसांचा ताप हाच मोठा धोका दिसतो.

फरक आहे तो दाराशी. ओंटारिओत पत्र येते, माणूस येत नाही. महाराष्ट्रात आशाताई आणि नर्सबाई येतात, आणि कोविडच्या काळात ते येणे विस्कळीत झाल्यावर काय होते ते 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावने पाहिले: डोस चुकलेल्या मुलांत गोवर पसरला आणि काही मुले दगावली. मुंबई महापालिकेला तेव्हा नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावे लागले, आणि नकार देणाऱ्या घरांत मौलवींना बरोबर घेऊन जावे लागले. एका आईशी उंबरठ्यावर बसून अर्धा तास बोलणे हे शपथपत्रापेक्षा खर्चिक काम आहे, पण संमती घ्यायची तर ती अशीच घ्यावी लागेल.

म्हणून आतेभावाला मी लिहिले की, संमतीचा हट्ट जरूर धर, पण त्याच दमात आशाताईंचे मानधन वेळेवर मिळावे आणि त्यांच्या डोक्यावर इतर सर्वेक्षणांचे ओझे कमी व्हावे, हीही मागणी कर. त्यावर गटात अजून कोणी काही बोललेले नाही.