‘पानी’ म्हणणारा मुलगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

बोलण्यावरून, जातीवरून हसल्यामुळे वर्गात गप्प होणाऱ्या मुलांबद्दल मी लेख लिहिला, तो तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या वयात मुलं सगळ्यांनाच चिडवतात, जाड्या, चष्मिस, काळू, कोणीच सुटत नाही. त्याला भेदभाव म्हणून आपण मोठी माणसंच त्यांच्या डोक्यात जात भरवतो. आणि शुद्ध बोलायला शिकवणं हे तर मराठीच्या शिक्षकाचं कामच आहे. तुमच्या मुलीच्या वर्गात सगळे एकत्र डबा खातात, हेही तुम्ही लिहिलंत.

एक आधीच मान्य करते. हसणारी मुलं दुष्टच असतात असा सूर माझ्या लेखात लागला, तो चुकला. ती घरी जे ऐकतात तेच वर्गात बोलतात.

पण ‘चष्मिस’ आणि ‘पानी’ एका पारड्यात घालू नका. (‘काळू’सुद्धा मला निव्वळ चिडवणं वाटत नाही, पण तो वेगळा विषय.) मी मराठी शिकवते त्या नववीच्या वर्गात बुलढाण्याकडून एक मुलगा आला. धडा वाचताना त्याने ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं, वर्ग हसला, आणि त्याचं नावच ‘पानी’ पडलं. चष्मिस म्हणणाऱ्याला उलट ‘दात्या’ म्हणता येतं, हिशोब फिटतो. या मुलाने उलट काय म्हणायचं? ‘तुम्ही ण म्हणता’ असं चिडवलं तर कोण हसणार? ज्या चिडवण्याला परतफेडच नाही, त्याला मी चिडवाचिडवी म्हणत नाही.

शिवाय ते उच्चारावर थांबलं नाही. बोलण्यावरून गाव, मग ‘तुझं पूर्ण नाव सांग ना’, मग आडनाव, आणि आडनावावरून पुढचं सगळं. यात जात मी घुसवली नाही. ‘पूर्ण नाव सांग’ हे चौदा वर्षांच्या मुलानेच विचारलं होतं. हीच मुलं दहावीचा निकाल लागला की मैत्रिणीला म्हणतात, ‘तुला काय, तुझी अ‍ॅडमिशन होणारच.’ तिचे ९२ टक्के त्या एका वाक्यात पुसले जातात.

आता शुद्ध भाषेबद्दल. मीही तेच करत होते, म्हणून हे लिहिताना जड जातंय. दिवाळीनंतरच्या पेपरात त्या मुलाने ‘मन’ला ‘मण’ लिहिलं, ‘वन’ला ‘वण’. मी लाल पेनने गोल केले, मार्क कापले. पेपर परत देताना लक्षात आलं की जिथे त्याचं बरोबर होतं तिथेही तो भीतीने ण घालत होता. तोंडी उत्तर देणं तर त्याने कधीच सोडलं होतं. वऱ्हाडात आणि खानदेशात लाखो माणसं ‘पानी’ म्हणतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही ‘मानूस’च आहे. तो आम्ही वर्गात कौतुकाने वाचतो आणि त्याच वर्गात तसं बोलणाऱ्याला हसू देतो. प्रमाण मराठी लिहायला शिकवलीच पाहिजे, परीक्षेला ती लागते. पण मी आता भर वर्गात कुणाचा उच्चार दुरुस्त करत नाही. वहीत दाखवते, आणि घरची बोली चुकीची नाही हे आधी सांगते.

‘मुलांना त्यांचं त्यांचं राहू द्या, ती आपोआप मिसळतात’ हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं, मुलांना एका पंगतीला बसवलं. तिथे काहीही आपोआप झालं नव्हतं. कुणीतरी ठरवून, विरोध सोसून ते घडवलं होतं.

तुमच्या मुलीच्या वर्गात डबे एकत्र उघडतात याचा मला आनंद आहे, मनापासून. तरी आज तिला एवढंच विचाराल का: वर्गात कोण कधीच हात वर करत नाही, आणि ते पहिल्यापासून तसंच आहे, की मध्येच कधीतरी सुरू झालं? ती काय म्हणते ते मला नक्की कळवा.