बंद मीटरचा तास कोणाच्या खात्यावर?

पुण्यात कोळशाचं वीजकेंद्र नाही. पण ईएसपी (धुरातली धूळ पकडणारं यंत्र) आणि एफजीडी (धुरातला गंधकाचा वायू काढणारं यंत्र) यांची डिझाइनं करणारी, चिमणीवर चढून नमुने घेणारी, प्रदूषण नियंत्रण बोर्डाचे फॉर्म भरून देणारी माणसं तिथे भरपूर आहेत. त्यामुळे कोळसा केंद्रांबद्दलच्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेवरचा वाद पुणेकरांच्या ग्रुपवर अजून धुमसतो आहे. डिसेंबर २०१५ मध्ये एसओटूची, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची, मर्यादा आली, मुदती वाढत गेल्या आणि शेवटी ‘क’ गटातल्या, म्हणजे मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या, देशातल्या बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीची अट पाळण्याच्या बोलीवर त्या मर्यादेतून सूट मिळाली. एक बाजू म्हणते, आपल्या कोळशात गंधक कमी, मग एफजीडीवर एवढा खर्च कशाला? दुसरी म्हणते, लोकांच्या फुप्फुसांचं काय?

अमेरिकेत, ओहायोत बसून हे वाचताना वाटतं, दोन्ही बाजू यंत्रावरच भांडत आहेत. आकडा कुठून येतो, हे कोणी विचारत नाही.

‘गंधक कमी’ म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब करू. पाचशे मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण ३४० टन कोळसा जाळतो. गंधक अर्धा टक्का धरलं तर १.७ टन. जळताना त्याचं वजन दुप्पट होतं, म्हणजे तासाला जवळपास ३.४ टन एसओटू. टक्केवारी लहान असली तरी टन लहान नाहीत.

आता कागद. भारतात चिमणीवर प्रदूषण मोजणारा ऑनलाइन मीटर असतो, त्याचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ (सीपीसीबी) आणि राज्य बोर्डाच्या सर्व्हरवर जातात, मर्यादा ओलांडली की एसएमएस येतो. शिवाय पर्यावरण मंजुरीचा सहामाही अहवाल आणि ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म पाच, म्हणजे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. म्हणजे कागद कमी आहेत अशातला भाग नाही. फॉर्म पाचच्या ‘क’ भागात एक रकाना आहे: ठरलेल्या मर्यादेपासून टक्केवारीत फरक, कारणांसह. अख्ख्या फॉर्ममध्ये खरं बोलायची जागा हीच. तिथे बहुतेक वेळा ‘निरंक’ किंवा ‘मर्यादेत’ एवढंच येतं, कारण गेल्या वर्षीची फाइल उघडून तारखा बदलल्या की काम होतं.

मीटर बंद पडला तर? त्या तासांत आकडा नाही, म्हणून उल्लंघनही नाही. पुण्यात रिक्षाचं मीटर बंद असेल तर भुर्दंड प्रवाशाला, तसंच हे.

अमेरिकेत आम्लपर्जन्य कार्यक्रमाच्या नियमांत, पार्ट ७५ मध्ये, हीच गोष्ट उलटी बसवली आहे. रिकामा तास रिकामा ठेवताच येत नाही. मीटरची उपलब्धता, म्हणजे वैध आकडा मिळालेल्या तासांचं प्रमाण, ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि खंड २४ तासांच्या आत असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या तासाची सरासरी चालते. खंड लांबला तर मागच्या ७२० वैध तासांतले ९० टक्के आकडे ज्याच्या खाली येतात तो आकडा, किंवा ती सरासरी, यांतलं जे जास्त असेल ते. उपलब्धता ९० च्या खाली गेली की त्या ७२० तासांतला सर्वांत मोठा आकडा, आणि ८० च्या खाली गेली की त्या संचातून निघू शकेल तेवढी कमाल. त्यामुळे मीटर दुरुस्त करायची घाई मालकालाच असते. रोज कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या गॅसवर मीटर पडताळणं), तिमाहीला तीन पातळ्यांच्या गॅसने प्रत्येकी तीनदा तपासणी, आणि वर्षातून एकदा-दोनदा स्वतंत्र उपकरण लावून किमान नऊ फेऱ्यांची तुलना. तिमाही संपल्यावर ३० दिवसांत सगळे तास दाखल होतात, जबाबदार अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रासह. मग कोणीही ते तासागणिक डाउनलोड करू शकतं.

इथलं सगळं आलबेल आहे, असा गैरसमज नको. सोडलेल्या प्रत्येक टनासाठी लागणाऱ्या एसओटू परवान्यांचा भाव आज कवडीमोल आहे, त्यामुळे जास्तीच्या टनांचा चटका फारसा उरलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने बऱ्याच कोळसा केंद्रांना पारा आणि विषारी घटकांच्या कडक केलेल्या निकषांतून दोन वर्षांची सूट मिळाली, आणि विनंतीसाठी ईमेलची सोयही होती! पण आम्लपर्जन्य कार्यक्रमाचे तासागणिक आकडे द्यायचं बंधन त्या सुटीने गेलं नाही. घरच्या वादात मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. मर्यादेतून सूट देणं हा सरकारचा निर्णय. मोजणीतून सूट नको.

ऑक्सिजनचं उदाहरण घ्या. कोळशाच्या केंद्राचा आकडा ६ टक्के ऑक्सिजनवर आणून सांगायचा असतो. डक्टमध्ये गळती असली की बाहेरची हवा मिसळते आणि एसओटू पातळ दिसतो. मीटरवर घनमीटरला ५०० मिलिग्रॅम आणि ऑक्सिजन १० टक्के असेल, तर ५०० गुणिले १५ भागिले ११ (हवेतल्या २१ टक्क्यांतून ६ आणि १० वजा करून), म्हणजे ६८२. जुन्या, पाचशे मेगावॉटखालच्या संचाची मर्यादा ६००. हा हिशेब करण्याआधीचा आकडा सर्व्हरवर गेला तर संच पास, नंतरचा गेला तर नापास. धुळीच्या मीटरचं तर विचारूच नका: तो प्रकाशावरून अंदाज बांधतो, त्यामुळे कोळशाची राख बदलली की चिमणीतून प्रत्यक्ष नमुना घेऊन पुन्हा जुळवावा लागतो. नाहीतर रेषा सुंदर सरळ येते, एवढंच.

‘आपल्याकडे हे जमणार नाही’ हा सूर मला पटत नाही. महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने (एमपीसीबी) २०१७ पासून कारखान्यांना धुळीच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, तीही जाहीरपणे. सुरतेत २०१९ पासून ऑनलाइन मीटरच्या आकड्यांवर धूळ सोडण्याच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उभा राहिला.

दिल्लीची वाट बघायचीही गरज नाही. हवा कायद्याच्या कलम २१ खाली राज्य बोर्ड संमतीपत्रात अटी घालू शकतं. त्यात केंद्रांना एवढंच लिहून द्यावं: एसओटूबरोबर ऑक्सिजन आणि वायूचा प्रवाहही पाठवा, प्रत्येक तासाला ‘वैध’, ‘कॅलिब्रेशन’ की ‘बंद’ असा शेरा लावा आणि बंद तासाला मागच्या ७२० तासांतला सर्वांत मोठा आकडा भरा. मीटरचे आकडे नोंदवून पाठवणाऱ्या डेटा लॉगरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बसवणं भोसरी-चिंचवडच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना अवघड नाही. ऑर्डर मात्र यायला हवी.